थुंकीची नळी, कोतवाल बुक आणि आत्या

आधी हिशेब सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका. घरच्या घरी थुंकून पाठवायचं परदेशी डीएनए किट, एका नगाला आपले साडेपाच हजार पडले. दोन घेतली. पहिली थुंकी गणपतीत, दुसरी शिमग्याला, कारण आत्याची पहिली नळी त्यांनी नापास केली. पाचपैकी अडीच तारे. कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार समोर उभं राहून करावी ही नोकरीतली सवय, आणि तिथे समोर माणूसच नाही, चॅटवर यंत्र बोलतं.

मी 2014 साली सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात, त्यातली निम्म्याहून जास्त समुद्राकाठच्या ठाण्यांत. आता अंजनवेलला घरी असतो. चाळीसेक कलमं आहेत, गुडघे आहेत, आणि शहाऐंशी वर्षांची आत्या आहे. किट घेण्यामागे दोन कारणं होती, एक घरातलं आणि एक खात्यातलं.

घरातलं असं, की माझे धाकटे काका परळला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. त्या वर्षी गणपतीला ते गावी आले, आरत्या म्हटल्या, मोदक खाल्ले, परत गेले. मग पत्र नाही, मनीऑर्डर नाही. दिवाळीनंतर मी खोलीवर गेलो तर तिथे दुसरेच भाडेकरू. मिसिंगची तक्रार मीच दिली, अंगावर वर्दी असताना. आत्या तेव्हापासून एकच वाक्य धरून आहे: घराचं दार हललं नाही, आला तर त्याला सापडेल.

खात्यातलं सांगायला जरा वेळ लागेल.

1994 च्या जुलैत, आषाढातल्या उधाणाला, माझ्या तेव्हाच्या ठाण्याच्या हद्दीत सुरूच्या बनाखाली एका बाईची मयत लागली. वय अंदाजे 30 ते 35. पाण्यात चार-पाच दिवस. चेहरा माशांनी ठेवला नव्हता. गळ्याभोवती नायलॉनची दोरी, जाळ्याला असते ती, दोन पदरी, मानेमागे गाठ. म्हणजे बुडालेली नव्हे, बुडवलेली. एकाच पायात जोडवं. हिरव्या बांगडीचा तुकडा मनगटात रुतलेला. डाव्या हाताच्या आतल्या अंगाला गोंदलेलं तुळशी वृंदावन. पाण्यात कातडीचा वरचा पापुद्रा सुटला की गोंदण पुसट होत असेल असं वाटतं, पण होतं उलटं. शाई खालच्या थरात असते, ती आणखी ठळक दिसते. पंचनाम्यात त्या वृंदावनाचं चित्र मी स्वतः काढलं, ओलसर कागदावर, बॉलपेनने. पाच पायऱ्या आणि वर दोन पानं.

पावसाळ्यात आमच्या किनाऱ्याला पाण्याची ओढ उत्तरेकडून दक्षिणेला असते. म्हणून वरच्या बाजूला, हर्णै, श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग, थेट मुंबईपर्यंत बिनतारी संदेश धाडले. वर्णनाशी जुळणारी मिसिंग कुठेच नव्हती. तीन दिवसांनी पुरलं. बेवारस मयत आम्ही पुरत असू, जाळत नसू, उद्या कुणी दारात आलं तर उकरून दाखवता यावी म्हणून. 302, 201 चा, म्हणजे खुनाचा आणि पुरावा नाहीसा केल्याचा, गुन्हा दाखल झाला, पुढे 'अ' समरी झाली. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. जोडवं आणि बांगडीचा तुकडा मुद्देमालातून यथावकाश नष्ट केला. त्या पंचनाम्यावर पंचांच्या सह्या मीच घेतल्या. कागदावर तिचं नाव शेवटपर्यंत 'अनोळखी स्त्री जातीचे प्रेत'.

निवृत्तीनंतर हे निवलं होतं. 2022 च्या दिवाळीनंतर बहिणीच्या नातीने टोरांटोहून एक बातमी पाठवली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात प्रॉव्हिन्सटाऊन म्हणून समुद्राकाठचं गाव आहे. तिथल्या वाळूच्या टेकाडांत 26 जुलै 1974 ला एक बाई मेलेली सापडली. दुमडलेली जीन्स उशाला, हात तोडून नेलेले. हात नाहीत म्हणजे बोटांचे ठसे नाहीत, हे कुठल्याही हवालदाराला न सांगता कळतं. 48 वर्षं ती नुसती 'टेकाडांवरची बाई' होती. 31 ऑक्टोबर 2022 ला एफबीआयने तिचं नाव जाहीर केलं: रूथ मेरी टेरी, मूळची टेनेसीची.

जुलै, वाळू, बाई. बातमी मी तीनदा वाचली आणि नातीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते, हे नंतर कळलं.

तिला या प्रकाराचा नाद आहे. तिने मला पुढच्या दोन महिन्यांत बरंच शिकवलं. त्यातलं एक प्रकरण डोक्यातून जात नाही. ओहायोत 24 एप्रिल 1981 ला रस्त्याकडेच्या चरात एक तरुण मुलगी मारून टाकलेली मिळाली. अंगात हरणाच्या कातड्याचं झालरी लावलेलं जाकीट, म्हणून तिला 'बकस्किन गर्ल' म्हणत. 2017 साली कॉलीन फिट्झपॅट्रिक आणि मार्गारेट प्रेस या दोघींनी डीएनए डो प्रोजेक्ट नावाची स्वयंसेवी संस्था काढली. तिथे हे प्रकरण आलं. मुलीचं 1981 सालचं रक्त कुणीतरी जपून ठेवलेलं होतं. त्यातून डीएनए काढला, लोक नातलग शोधायला आपल्या डीएनएची फाईल जिथे ठेवतात त्या जीईडीमॅच नावाच्या संकेतस्थळावर चढवला, आणि चार तासांत नाव हाती लागलं: मार्शा किंग, आर्कान्सासची, वय 21. एप्रिल 2018. तिच्या आईने इतकी वर्षं घर बदललं नव्हतं, फोन नंबर बदलला नव्हता. हे मी आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग? बदलणार कशाला?"

आता 37 वर्षं एका पारड्यात आणि चार तास दुसऱ्या. मला त्या चार तासांपेक्षा रक्त जपून ठेवणाऱ्याचं जास्त कौतुक वाटलं. 1981 मध्ये ते रक्त कशाला उपयोगी पडणार हे कुणाला ठाऊक होतं? इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांना डीएनए ठशांची युक्ती सुचली तीच मुळी 1984 साली. आपल्याकडे हैदराबादला लालजी सिंग यांनी ते तंत्र उभं केलं, ते आणखी पुढे. आणि आम्ही 1994 मध्ये बांगडीचा तुकडासुद्धा ठेवला नाही.

तर किट. ही कंपनी आपल्या गावात घरपोच पाठवत नाही. नात 2024 च्या गणपतीला आली तेव्हा दोन डबे घेऊन आली. नळ्या परत नेताना तिने कुठे काय विचारपूस केली ते मी विचारलं नाही. नोकरीत असतो तर विचारलं असतं. डबा देखणा आहे, एवढ्याशा नळीला मिठाईच्या बॉक्सएवढा. आत नळी, झाकणात निळं औषध, सूचना. अर्धा तास आधी काही खायचं नाही, प्यायचं नाही, मग रेघेपर्यंत थुंकायचं. फेस धरायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. गणपतीच्या दिवसांत घरात अर्धा तास तोंड रिकामं ठेवून दाखवा.

आत्याचा प्रकार वेगळाच. तिला मिश्रीची सवय. शिवाय तिने नळी हातात धरून विचारलं, "माझी थुंकी नेतेस कुठे?"

"कॅनडाला, पणजी. तिथून प्रयोगशाळेत."

"कोण बघणार?"

"यंत्र."

"केस, नख, थुंकी परक्याच्या हातात देऊ नये म्हणतात. करणी करायला सोपं."

मी म्हटलं, आत्या, कॅनडात कुणाला तुझ्यावर करणी करायची आहे? तर म्हणाली, तिकडे गेलेले सगळे इथलेच ना? याला उत्तर नव्हतं. शेवटी काकाचं नाव काढलं तेव्हा ती थुंकली. आवळा समोर ठेवून, पाऊण तास, रेघेच्या दोन सूत खाली. नोव्हेंबरात उत्तर आलं की नमुन्यात पुरेसा डीएनए नाही. नवीन नळी फुकट दिली, हे कबूल करतो, पण टोरांटोला दिली. ती शिमग्याला एका शेजाऱ्याच्या मुलाबरोबर आली. या वेळी आत्याने चार दिवस मिश्री बंद ठेवली. पालखी दारात आली त्या दिवशीही लावली नाही. हा त्याग किती मोठा ते आमच्या घरातल्यांना विचारा.

माझा निकाल सात आठवड्यांत आला. उघडल्यावर आधी रंगीत चकती दिसते: अमुक टक्के दक्षिण आशियाई. सोबत नकाशा, त्यावर गुजरातपासून केरळपर्यंत एक मोठा गोल. मी तिल्लोरी कुणबी, सात पिढ्या गुहागर तालुक्याबाहेर कुणी सोयरीक केली नसेल. हे कळायला थुंकायची गरज नव्हती. या चकतीसाठी कुणी पैसे घालणार असेल तर घालू नये. एक तारा इथेच गेला.

खरा माल दुसऱ्या पानावर असतो, जुळणाऱ्या नातलगांच्या यादीत. ती कशी वाचायची ते थोडक्यात सांगतो, कारण खुनाच्या बळींची नावं लागतात ती याच यादीतून. पोलिसांच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या सांताक्रुझच्या कालिन्यात, डीएनएच्या वीसेक ठरावीक जागा तपासतात. हा नमुना त्या नमुन्याचाच का, ही बाई त्या मुलाची आई का, एवढं त्यातून पक्कं कळतं. दूरचं नातं त्यातून निघत नाही. या किटमध्ये सहा-सात लाख जागा तपासतात. त्यामुळे दोन माणसांत डीएनएचे किती लांब तुकडे सारखे आहेत ते मोजता येतं. मापाचं नाव सेंटीमॉर्गन. आई-बाप आणि मूल यांच्यात साधारण 3400. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत साडेआठशेच्या आसपास. एकाचे आजोबा आणि दुसऱ्याची आजी सख्खी भावंडं असतील तर त्या नातवंडांत सव्वादोनशे. एकाचे पणजोबा आणि दुसऱ्याची पणजी सख्खी भावंडं असतील तर सत्तर-पंचाहत्तर. त्यापुढे नुसता आंबेमोहराचा वास आल्यासारखं, भात कुठल्या घरात शिजतोय ते कळत नाही.

एक दोष कंपनीचा नाही, इंग्रजीचा आहे. त्यांच्याकडे सगळे 'कझिन'. आतेभाऊ, मामेभाऊ, चुलत, मावस, सगळं एका पोत्यात. आपल्याकडे नात्याचा शब्द उच्चारला की कुठल्या बाजूने आला ते कळतं.

बेवारस मयतीचं काम असं चालतं. मयतीचा डीएनए यादीत टाकायचा. समजा सव्वादोनशेचा एक आणि सत्तरचे दोन नातलग मिळाले. त्यांचे आजे-पणजे शोधत वर चढायचं, दोन झाडांच्या फांद्या जिथे मिळतात ते जोडपं पकडायचं, मग तिथून सगळी मुलं, नातवंडं, पतवंडं लिहीत खाली उतरायचं. वय जुळणारं, लिंग जुळणारं, आणि अमुक सालानंतर कुठल्याच कागदावर न दिसणारं माणूस उरलं की त्याच्या आई-भावाची थुंकी घेऊन खात्री करायची. नातलग हाती देणं यंत्राचं काम, वर चढणं आणि खाली उतरणं कागदाचं. जनगणनेचे कागद, लग्नाच्या नोंदी, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता. 2018 च्या त्याच एप्रिलात कॅलिफोर्नियात चाळीस वर्षं सापडत नसलेला खुनी, जोसेफ डीअँजेलो, याच वाटेने धरला. फक्त तिथे झाड मारणाऱ्याचं लावलं, मरणाऱ्याचं नाही.

माझ्या यादीत तीनशेबारा नावं आली. बहुतेक पंधरा-वीस सेंटीमॉर्गनची. त्यातही एक मेख आहे. एकाच जातीत, चार गावांच्या परिघात पिढ्यान् पिढ्या सोयरिकी झाल्या की सगळ्यांचं सगळ्यांशी थोडं थोडं जुळतं आणि नातं आहे त्यापेक्षा जवळचं भासतं. सगळ्यात वरचं नाव 38 चं. गृहस्थ मॉरिशसचे.

हा किटचा उरलेला दीड तारा वसूल करणारा भाग. मे महिन्यात आत्याचा निकाल आला. तिचं त्याच गृहस्थाशी 61 जुळलं. ती एक पिढी वर, म्हणून जास्त, आणि माझ्या बापाची बहीण, म्हणून नातं बापाच्या बाजूचं हेही त्यातच कळलं. त्यांना मी नातीकडून निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी उत्तर, रोमन लिपीत मराठी: गणपती बाप्पा मोरया, आम्ही रत्नागिरी जिल्ह्याचे. 1834 पासून उसाच्या मळ्यांवर करारावर माणसं नेली, त्यात कोकणातली बरीच. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरलेल्यांच्या नोंदवह्या आज तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यांनी त्यांच्या खापरपणजीची नोंद मला पाठवली. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, जिल्हा, आणि अंगावरच्या खुणा. कपाळावर गोंदण.

मी तो कागद बराच वेळ बघत होतो. अगदी आमच्या पंचनाम्याचा नमुना. फरक इतकाच की ही बाई जिवंत होती आणि तिला नाव होतं.

काकांचा पत्ता लागला नाही. लागणारही नव्हता, हे आता कळतं. ते कुठे बेवारस गेले असतील तर त्यांचा डीएनए कुठल्याही यादीत नाही. ते कुठे संसार थाटून राहिले असतील, तर त्यांच्या पोरांनी साडेपाच हजार देऊन थुंकायला हवं. नातीने माझी आणि आत्याची फाईल उतरवून जीईडीमॅचवर चढवून ठेवली आहे. ते फुकट आहे आणि बहुतेक कंपन्यांची फाईल घेतं. पोलिसांना आपला नमुना दिसू द्यायचा का, हे 2019 पासून तिथे ज्याचं त्याने निवडायचं असतं. मी 'हो' निवडलं. आत्याला विचारलं तर म्हणाली, पोलीस तर घरातच आहे. जीईडीमॅचला चार तारे. एक कापला तो त्या पानांच्या मांडणीसाठी. आमच्या स्टेशन डायरीतसुद्धा लवकर सापडतं.

इथे कुणी म्हणेल, आपल्याकडेही डीएनएने ओळख पटते की. पटते, पण कशी ते बघा. मे 2021 च्या तौक्ते वादळात समुद्रातल्या तेलकामगारांचा पी-305 तराफा बुडाला, रायगडच्या किनाऱ्याला प्रेतं लागली. चेहरे ओळखू येईनात तेव्हा नातेवाइकांच्या डीएनएशी जुळवली. पण तराफ्यावर कोण कोण होतं याची यादी हातात होती. आणि पेण. विनोबांच्या गागोद्याजवळच्या रानात मे 2012 मध्ये जळालेली मयत मिळाली, ती 2015 च्या ऑगस्टपर्यंत बेवारसच होती. नाव कळलं ते मुंबईत दुसऱ्याच गुन्ह्यात पकडलेला एक माणूस बोलला म्हणून. डीएनए मागाहून आला, नातं पडताळायला. नाव आधी, डीएनए नंतर. डीएनए आधी आणि नाव नंतर, हे व्हायला दोन वह्या लागतात: एक हरवलेल्यांच्या घरच्यांची, एक बेवारस मयतींची. 2019 साली लोकसभेत डीएनएचं विधेयक आलं, त्यात या दोन्ही वह्यांची तरतूद होती. कुणाचा डीएनए किती दिवस ठेवणार, कुणाला दाखवणार, यावर बरीच हरकत होती, आणि ती चूक होती असं मी म्हणणार नाही. खात्यात नोकरी केली आहे. जुलै 2023 मध्ये विधेयक मागे घेतलं.

आता दुसरी सेवा. चिपळूणला एक निवृत्त तलाठी वंशावळ काढून देतात. जातपडताळणीला लागते तसली. तीन हजार रुपये, सहा आठवडे, ॲडव्हान्स निम्मा. नात म्हणाली, आबा, झाड लावायचंच तर कागद हवेत. म्हणून गेलो. माणूस पक्का. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, त्यातल्या जन्ममृत्यूच्या मोडी नोंदी तो वर्तमानपत्र वाचल्यासारखा वाचतो. 6-क च्या वारसनोंदी काढल्या, फेरफार काढले, त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या खापरपणजोबांची सही नव्हे, अंगठा दाखवला. 1889 पर्यंत नेलं. रेघांच्या फुलस्केपवर झाड काढून दिलं, वर मूळ पुरुष, खाली फांद्या, अक्षर मोत्यासारखं. अमेरिकेतल्या त्या बायकांना असा कागद मिळाला तर त्या नाचतील असं मला वाटलं.

नातीने फोटो बघितला आणि विचारलं, "मुली कुठायत?"

खरंच नव्हत्या. एका ठिकाणी 'मुली 3', एका ठिकाणी 'मुली 2, पैकी 1 मयत'. बाकी फांदीला फांदी पुरुषांची. मी तलाठ्यांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, वंशावळ आहे ही. मुलगी दिली की ती त्यांच्या झाडात." त्यांच्या झाडात बघितलं तर तिथे ती अमुकची बायको, नाव सासरचं, माहेर कोरं. डीएनए मात्र मुलगी-मुलगा बघत नाही, सारखाच उतरतो. म्हणजे यंत्र निम्म्या वेळा मला मुलीच्या फांदीवर नेऊन सोडणार आणि कागद तिथेच तुटणार. मारून टाकलेल्या आणि कुणी शोधत न आलेल्या बाईचं नाव लावायचं तर नेमकी तीच फांदी लागते.

तलाठ्यांनी एक तोड सुचवली, ती लिहून ठेवण्यासारखी आहे. सातबाऱ्यावर मुलींची नावं बघू नका, फेरफार बघा. बाप गेला की बहिणींची नावं वारस म्हणून चढतात आणि वर्षभरात हक्कसोड करून उतरतात. सातबारा साफ होतो, पण फेरफारात दोन्ही नोंदी राहतात, सासरच्या नावगावासकट. अशा आमच्या घराण्यातल्या सात जणी मिळाल्या. मिळाल्या त्या हक्क सोडायला आल्या म्हणून. तलाठ्यांना साडेतीन तारे. मुली घातल्या असत्या तर पाच दिले असते, आणि हे त्यांना फोनवर सांगितलं आहे.

उरलेल्यांसाठी आत्याकडे बसलो. जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, ओटीवर. हातात दोनशे पानी वही. म्हटलं, आत्या, आपल्या घरातून आणि भावकीतून दिलेल्या सगळ्या मुली सांग. कुणाला कुठे दिली, सासरी नाव काय ठेवलं, मुलं किती. ती म्हणाली, यात काय सांगायचंय? आणि सुरू झाली. फणस सोलताना गरे निघावेत तशी नावं. पालशेत, हेदवी, वेलदूर, पलीकडे दाभोळ. कुणाची हळद कुठल्या पावसात भिजली, कुणाच्या वरातीत होडी उलटता उलटता राहिली. मी साल विचारलं की ती म्हणायची, रामदास बुडाली त्याच्या आदल्या वर्षी. रामदास बोट 17 जुलै 1947 ला बुडाली. त्यावरून मी 1946 लिहायचं. अशा तीन दुपारी गेल्या. एकसष्ट मुली झाल्या. फेरफारातल्या सातही त्यात होत्या, न विचारता.

तिसऱ्या दुपारी त्या नावांत एका चुलत बहिणीची मुलगी आली. श्रीवर्धनच्या बाजूला दिलेली. नाव मी वहीत लिहिलं आहे, इथे लिहीत नाही. मुलं विचारली तर आत्या म्हणाली, "तिचं काही कळलं नाही मग. नवरा म्हणाला, निघून गेली."

"कधी?"

"नव्वदनंतर कधीतरी. तिची आई मेली तेव्हा आली नाही, म्हणून कळलं."

"कुणी मिसिंग दिली नाही?"

"कशाला देतील? निघून गेली म्हणाला ना तो."

पावसाच्या पागोळ्या ओटीसमोर पडत होत्या. मी पेनचं टोपण लावलं, काढलं. म्हटलं, "आत्या, तिच्या डाव्या हातावर गोंदण होतं का? आतल्या बाजूला, वृंदावन?"

आत्याने गऱ्यांचा चीक लागलेला आपला डावा हात माझ्यासमोर उलटा केला. सुरकुत्यांत वाकडं झालेलं, पाच पायऱ्या, वर दोन पानं.

"तेव्हा कुणाच्या हातावर नव्हतं रे?" ती म्हणाली.